उजवा कौल

देव हलत नाही, या एका गोष्टीवर भोकरटेंभ आणि सावरखिंड या दोन वाड्यांचं एकमत होतं. बाकी कशावर म्हणून झालं नव्हतं. ओढ्याच्या पाण्यावरून, गायरानावरून, पालखी आधी कोणाच्या दारात थांबणार यावरून दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी उभा जन्म भांडण्यात घालवला होता. मध्ये दरी, दरीत ओढा, ओढ्यावर साकव. एका उतारावर भोकरटेंभ, समोरच्या उतारावर सावरखिंड, आणि देव मात्र दोघांचा एकच. तो भोकरटेंभच्या सहाणेवर, म्हणजे देवळापुढच्या फरसबंद अंगणात, उघड्यावर बसलेला. कमरेइतका उंच काळा पाषाण, कुणी न घडवलेला, दोन्ही अंगांना खांद्यांसारखे उतार असलेला. वादळात वाड्यांचे पत्रे उडाले, ओढ्याने दोनदा साकव नेला, पण देव जागचा हलला नाही.

म्हणूनच प्रणिताने त्याला शून्य धरलं.

प्रणिता भोकरटेंभची लेक आणि सावरखिंडची सून. वडील लहानपणीच गेले, तेव्हा तिला वाढवलं धाकूकाकाने, जो देवाचा पुजारी होता. पुढे ती प्रकाशीय मोजमापाचं शिक्षण घेऊन दरड निरीक्षण केंद्रात लागली. तिचा नवरा दिगंबर तालुक्याच्या शाळेत शिक्षक होता. केंद्राची ‘डोंगरनेत्र’ यंत्रणा आपल्या दरीत यावी म्हणून तिने साहेबांच्या मागे लकडा लावला होता, कारण तिची सगळी माणसं त्या दोन उतारांवर राहत होती.

यंत्रणेचं तत्त्व साधं होतं. दोन डोळे असल्यामुळे माणसाला समोरची वस्तू किती लांब आहे ते कळतं. दरीच्या तोंडाशी मनोऱ्यावर बसवलेले दोन कॅमेरे हेच करत. दोघांच्या चित्रांतला फरक मोजून संगणक समोरच्या उताराचा उंचसखल आकार उभा करी. मग त्या आकाराचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावरची खूण लक्षात ठेवी. ती दगडावरची बुरशी असेल, मातीतले खडे असतील, मुळांची जाळी असेल. पुढच्या चित्रात तीच खूण कुठे गेली ते शोधी. जागच्या जागी असली तर पडद्यावर हिरवा रंग, तांदळाच्या दाण्याइतकी सरकली तर पिवळा, आणि सरकण्याचा वेग वाढू लागला की लाल.

पण पाहणाराच हलत असेल तर काय करायचं? मनोरा उन्हात तापतो, वाऱ्यात डुलतो. होडीत बसलेल्या माणसाला किनारा चालल्यासारखा वाटतो, तसं कॅमेऱ्याचंही होतं. म्हणून नजरेच्या टप्प्यात एखादी न हलणारी वस्तू लागते. तिला शून्य धरायचं. ती हललेली दिसली की आपणच हललो असं समजायचं आणि सगळं चित्र तेवढं मागे ओढून घ्यायचं. नियमाप्रमाणे अशा तीन वस्तू हव्यात आणि त्या एकमेकींपासून लांब हव्यात. त्यांतल्या दोन जागा राखीव जंगलात येत होत्या आणि जंगलात शिरायची परवानगी काही येईना. शेवटी प्रणिताने तिन्ही खुणा सहाणेवरच घेतल्या: देवाचा पाषाण, दीपमाळ आणि देवळाच्या जोत्याचा कोपरा. केंद्रप्रमुख कर्णिकसाहेबांनी खात्री आहे का म्हणून विचारलं, तेव्हा ती हसली होती.

“सर, तो देव आहे.”

साहेबही हसले आणि विषय तिथेच मिटला.

देवावर खूण धरायची तर देवाला विचारायला हवं होतं, म्हणून धाकूकाकाने कौल लावला. तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून पाषाणाच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. त्याचे दोन कडक नियम होते. जे व्हावंसं वाटतं तेच उजवीकडे ठेवून विचारायचं, अशुभ गोष्ट देवाच्या उजव्या हातात द्यायची नाही. आणि एक गोष्ट वर्षातून एकदाच विचारायची, त्याआधी पुन्हा विचारणं म्हणजे देवाला खोटं पाडणं. पहिल्या वर्षी डावी पाकळी पडली आणि एवढी अद्ययावत यंत्रणा एका पाकळीपायी वर्षभर गोदामात पडून राहिली. दुसऱ्या वर्षी उजवी पडली, तेव्हा कुठे कॅमेरे मनोऱ्यावर चढले.

पहिले काही पावसाळे हिरवे गेले. यंदा श्रावणात मात्र सावरखिंडचा उतार पिवळा पडला.

सगळ्या उताराचा कल दरीकडे होता. एक गोष्ट मात्र प्रणिताला खटकली. उतार दरीकडे सरकत होता, पण खाली यायचं सोडून किंचित वर चढत होता. तिने कर्णिकसाहेबांना दाखवलं. ते म्हणाले, दरड सुटण्याआधी तिचा पायथा फुगतो, तव्यावरची भाकरी फुगते तसा, त्यात नवल काही नाही. प्रणितालाही ते पटलं, आणि अहवालात तिने तेच जास्त चांगल्या भाषेत मांडलं. शिकलेल्या माणसाला अडचणीच्या आकड्यासाठी कारण सापडतंच, फक्त थोडं वाचन लागतं.

मग एका सकाळी सावरखिंड लाल झाली. नवा कायदा असा होता की पडदा लाल झाला की त्याच दिवशी वस्ती हलवायची, वीज तोडायची, कुणाची हरकत ऐकायची नाही. माणसांना न्यायचं कुठे हा प्रश्नच नव्हता. समोर भोकरटेंभ हिरवागार होता, सहाणेला लागून नवं भक्तनिवास उभं होतं आणि तिथे शंभर माणसांची सोय होती.

निघायला तयार नव्हते ते प्रणिताचे सासरे. भिवाबाबा ओटीवर मांडी ठोकून बसले. त्यांचं म्हणणं, या डोंगराने आजवर त्यांच्या अंगावर खडा टाकला नाही आणि सुनेच्या कॅमेऱ्याने त्याची बदनामी करू नये. म्हातारा उठत नाही म्हणून निम्मी वाडी उठेना. प्रणिताने नकाशे दाखवले, रंग दाखवले, हात जोडले. शेवटी ते म्हणाले, “देव ठेवून घेतो म्हणाला, तर येतो. तुझं मशिन नको सांगायला.”

तिने ते कबूल केलं. पाकळी डावीकडे पडली तर काय करायचं, या विचाराने साकव ओलांडताना तिचा जीव टांगणीला लागला होता. सहाणेवर दोन्ही वाड्या जमल्या. धाकूकाकाने पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि म्हणाला, “देवा, पलीकडची लेकरं तुझ्या पायाशी आणतोय. ठेवून घेणार असशील तर उजवी दे.”

त्याचं बोलणं पुरतं संपलंही नव्हतं, तोवर उजवी पाकळी घसरली. बायकांनी पदर पुढे करून नमस्कार केला. प्रणितानेही हात जोडले, आणि मनापासून जोडले. यंत्र आणि देव आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या बाजूने एका सुरात बोलले होते, आणि त्या क्षणी तिला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

दुपारपर्यंत सावरखिंड रिकामी झाली. गुरं तेवढी गोठ्यांत राहिली, कारण भक्तनिवासात त्यांना जागा नव्हती. सगळ्यांत शेवटी निघाली तिची सासू अनसूया. तिने दाराला कुलूप घातलं आणि किल्ली सुनेच्या हातात दिली.

“घर पडलं तर मी किल्ली घेऊन काय करू? तुझ्याजवळ ठेव. तुझ्या शब्दावर निघालो आमी, बाय.”

दुसऱ्या दिवशी प्रणिता केंद्रात होती. सावरखिंडचा लाल रंग आणखी गडद झाला होता आणि माणसं वेळेवर हलवली या समाधानात ती पडद्यासमोर बसली होती. दुपारी धाकूकाकाचा फोन आला. तो खुशीत होता. पंगत उठली होती, भिवाबाबा आणि तो एका पानावरून भांडून मग एकाच पानात जेवले होते. यंदा देव फार मायाळू झालाय, असं तो सांगू लागला. शिमग्यापासून एकसुद्धा डावी पाकळी पडली नव्हती. लग्नांना होकार, विहिरीला होकार, नव्या साकवाला होकार. दोन भावांचा बांधावरून वाद होता, दोघांनी वेगवेगळं येऊन उलटसुलट विचारलं, तर देवाने दोघांनाही उजवा कौल दिला. आता त्या दोघांनी काय करायचं ते देवच जाणे, असं म्हणून काका हसला. प्रणिताही हसली आणि तिने फोन ठेवला.

मग ती चहाचा कप विसळायला उठली आणि नळाखाली कप धरून तशीच उभी राहिली.

पाकळी पडते कशी? पाणी सुकत जातं, पकड सुटते, आणि ज्या अंगाचा उतार जास्त उभा त्या अंगाची पाकळी आधी घसरते. दोन्ही खांदे सारखे असले की कधी ही, कधी ती. लहानपणापासून तिने तसंच पाहिलं होतं. आता महिनोन् महिने एकाच अंगाची पाकळी पडत होती, तीही लावल्या लावल्या. म्हणजे ते अंग उभं झालं होतं. पाषाण उजवीकडे कलला होता. डोळ्यांना दिसणार नाही एवढाच, पण पाकळीला पुरेल एवढा. आणि देवाच्या उजव्या हाताला दरी होती.

पुढचं सगळं तिला एकदम दिसलं. देव दरीकडे सरकत होता आणि त्याच्यासोबत दीपमाळ, देऊळ, अख्खा भोकरटेंभ एकसंध सरकत होता. पण तो तर शून्य होता. तो हलला की यंत्र समजत होतं आपण हललो, आणि सगळं चित्र मागे ओढून घेत होतं. मग समोरची सावरखिंड जागच्या जागी राहून दरीकडे सरकलेली दिसणारच. देव खाली जात होता, म्हणून ती वर चढलेली दिसणारच. भाकरी फुगली नव्हती. होडीतल्या माणसाने किनाऱ्याला बुडताना पाहिलं होतं आणि किनाऱ्यावरच्या लोकांना वाचवायला म्हणून होडीत घेतलं होतं.

त्याच मिनिटाला फोन करता आला असता. तिने केला नाही. कालच एक वाडी उठवली होती, आज तीच पुन्हा उठवायची तर हातात पुरावा हवा, असं तिला वाटलं. दरीच्या माथ्यावर, दोन्ही उतारांपासून लांब, कातळात रोवलेला विजेचा जुना मनोरा होता. त्याला शून्य धरून सगळं पुन्हा मोजता आलं असतं. पण माथ्यावर ढग बसला होता. ती ढग उठायची वाट बघत बसली. सहाणेवरची माणसं तोवर सुपाऱ्या कातरत होती, पत्ते खेळत होती. त्या वेळाबद्दल पुढे चौकशीत तिला कुणी काही विचारलं नाही. तिनेच स्वतःला विचारलं, आणि ते आजतागायत थांबलेलं नाही.

ऊन उतरायला लागलं तेव्हा ढग उठला. नवं शून्य घेऊन पडदा पुन्हा रंगला. सावरखिंड या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी होती. भोकरटेंभ लाल होता. सहाण, देऊळ, भक्तनिवास, काकाचं घर, सगळंच लाल होतं.

तिने कर्णिकसाहेबांना फोन केला. ते म्हणाले की नवा आदेश काढायला वर कळवावं लागेल, तू तोवर माणसांना हलवता आलं तर हलव. तिने दिगंबरला गाडी घेऊन बोलावलं आणि काकाला फोन लावला. सगळ्यांना घेऊन आत्ताच्या आत्ता सावरखिंडीत जा, असं तिने सांगितलं.

काकाला आधी थट्टा वाटली, मग राग आला. काल तू म्हणालीस तिकडे मरण आहे, आज म्हणतेस इकडे आहे. मागून भिवाबाबांचा आवाज आला की आपण काय म्हशी आहोत का, हिने हाकावं तिकडे जायला. तिने समजावलं, शून्य म्हणजे काय ते सांगितलं, होडी सांगितली. तिचं तिलाच कळलं की कुणाला काही कळत नाहीये. शेवटी काका म्हणाला, “आता देवालाच इचारतो.”

आणि प्रणिताला वाट दिसली. कललेला देव काहीही विचारलं तरी उजवीच देणार होता. होकार कशाला मिळणार एवढंच आपल्या हातात होतं. फसवणूक होती ती, काकाच्या आयुष्यभराच्या भक्तीची फसवणूक, पण तिने मागचा पुढचा विचार केला नाही.

“काका, विचारा. पण मी सांगते तसंच विचारा. इथून निघायचं असेल तर उजवी दे. एवढंच म्हणा.”

“बरं, तसंच इचारतो.”

त्याने फोन चालूच जोत्यावर ठेवला. बोलणं चालू असतानाच दिगंबर पोचला होता, आणि आता धावत्या गाडीत तिला सगळं ऐकू येत होतं: तांब्यातलं पाणी, पोरांचा गलका, कुणीतरी गप्प बसा म्हणालेलं. दिगंबर गाडी दामटत होता. काकाने घसा साफ केला. तो खोटं वागणारा माणूस नव्हता, तिला फसवायचं त्याच्या मनातही नसणार. पण त्याच्यासमोर देव होता, मागे दोन वाड्यांची लेकरं होती, आणि देवाच्या पायापासून उठून जायचं ही अशुभ गोष्ट त्याच्या तोंडून उजवीकडे ठेवली जाईना. आयुष्यभर विचारलं तसंच त्याने विचारलं.

“देवा, लेकरं तुझ्या पदरात सुखरूप असतील, तर उजवी दे.”

“काका, तसं नाही,” प्रणिता म्हणाली. तिचा आवाज तिकडे कुणी ऐकला नाही. पाकळी पडायला वेळ लागलाच नाही. बायका देवाचं नाव घेऊ लागल्या. काकाने फोन उचलला.

“उजवी, बाय. बघ, उगाच घाबरली होतीस.”

ती म्हणाली पुन्हा विचारा, मी सांगितलं तसं विचारा. तो म्हणाला ते होत नाही, तुला ठाऊक आहे. ती म्हणाली देव कललाय, म्हणून पाकळी पडते, तुमचा देव आणि माझं यंत्र दोघेही एकाच कारणाने चुकतायत. तेव्हा तो लहानपणी तिला समजावताना बोलायचा तसं हळू बोलला.

“देव हलत नाय, बाय. तूच सायबाला सांगितलंवतंस.”

ती नुसती विनवत राहिली, निदान पोरांना तरी पाठवा म्हणाली, आणि दरीच्या वळणावर फोनची रेंज गेली.

ते दरीच्या तोंडाशी पोचले तेव्हा उजेड होता. आधी आवाज आला, लांबून रिकामा ट्रक खड्ड्यांतून यावा तसा, आणि दिगंबरने गाडी थांबवली. मग भोकरटेंभचा उतार झाडाझुडपांसकट चालू लागला. घाईत नाही, सावकाश. पहिले काही क्षण दीपमाळ सरळ उभी होती, घरं सरळ उभी होती, सगळी वाडी जशीच्या तशी खाली निघाली होती. मग एकदम ती फुटली आणि नुसती लाल माती ओढ्यात उतरत राहिली. साकव गेला. सगळं थांबलं तेव्हा समोर उघडा कातळ होता, ओला आणि स्वच्छ.

दिगंबर गाडीतून उतरून मातीच्या ढिगाकडे धावत सुटला. प्रणिता गाडीपाशीच राहिली. तिला फार वाईट वाटत होतं असं म्हणणं खोटं होईल. तिला काहीच वाटत नव्हतं. मग तिला सावरखिंडीच्या बाजूने म्हैस हंबरल्याचं ऐकू आलं, आणि वाडीतल्या एका गोठ्यातून धूर वर जाताना दिसला. डास हाकलायला शेणीचा धूर करतात तो. ती पायवाटेने वर चढली.

आठ-दहा माणसं होती. तिचा आदेश मोडून गुपचूप धार काढायला परत आलेली. ती वाडीच्या कडेला एकमेकांना धरून समोरच्या कातळाकडे बघत उभी होती आणि तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. अनसूया त्यांच्यात नव्हती. ती आपल्या ओटीवर, कुलूप लावलेल्या दाराला पाठ टेकून बसली होती. शेजारी दुधाची कासंडी, तिच्यावर पदराच्या तुकड्याने बांधलेलं झाकण. घरात शिरता येत नव्हतं म्हणून ती बाहेरच बसली होती.

प्रणिता पायरीशी थांबली. सासूने वर पाहिलं. तिचा नवरा, तिची माणसं, सगळं समोरच्या मातीत होतं आणि ते तिला कळलेलं होतं. चेहऱ्यावरून दिसत होतं. तरी तिने विचारलं ते वेगळंच.

“आता आमी जायाचं कुठं? ह्यो डोंगर कधी पडणार हाय?”

खोटं बोलता आलं असतं. पाऊस आहे, काही सांगता येत नाही, असं म्हणता आलं असतं. प्रणिताने किल्ली काढून तिच्या हातात ठेवली.

“हा पडणार नाही, आई. हा हलतच नव्हता.”

अनसूया किल्लीकडे बघत राहिली. मग गुडघ्यावर हात देऊन उठली, कुलूप काढलं, कासंडी उचलून आत गेली, आणि आतून कडी लावून घेतली.